दोन धोतरांचा पडदा

भावजी,

तुम्ही गेल्यावर गावात पहिलं भांडण झालं ते तुमच्याच अस्थींवरून. म्हणजे मागे सगळं जागच्या जागी आहे, काळजी नसावी. कोण भांडलं हे तुम्हाला सांगायची गरज नाही. वरच्या आळीचे गणू आबा आणि खालच्या आळीचे भूपाल अण्णा. रक्षाविसर्जनाला अख्खा गाव घाटावर जमलेला, तुमचे थोरले बंधू गाडगं हातात धरून उभे, आणि हे दोघे पांढऱ्या मिशांचे म्हातारे पायरीवर एकमेकांपुढे हातवारे करताहेत. तुमची शेवंता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. तिनं डोकं उचललं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "आक्का, आता जरा बरं वाटलं बगा. ह्यांला बी ऐकू गेलं असंल."

भांडण कशावरून झालं ते शेवटी सांगते. तुमची घाई मला माहीत आहे. कुठली गोष्ट तुम्ही कधी शेवटापर्यंत ऐकली आहे? पण आता तुम्हाला उठून जाता येत नाही, तेव्हा ऐका.

शाळेतल्या माझ्या सोबतिणी म्हणाल्या, बाई, दिरांवर दोन शब्द लिहा. जन्म, शिक्षण, कार्य, असं. काय लिहू? जन्म पुरात झाला. कुठल्या पुरात ते सासूबाईंनाही आठवत नव्हतं. शिक्षण चौथी, तेही मास्तर कंटाळले म्हणून. आणि कार्य म्हणाल तर गावाच्या शर्यतीच्या नावेचं सुकाणू धरणं, आणि ते धरायला मिळेना तेव्हा गावाला खेळवणं. त्यापेक्षा तुमच्याशीच बोलते.

मी कोयनेच्या वसाहतीत वाढलेली. वडील धरणावर नोकरीला. पाणी म्हणजे भिंतीमागे अडवून ठेवलेली गोष्ट, एवढंच माझं ज्ञान. लग्न होऊन कृष्णाकाठी आले ती श्रावणाच्या तोंडावर, आणि परसदारी आलेलं पाणी बघून माझं अवसान गळालं. तुमचे बंधू रजा संपवून पलटणीत निघून गेले होते. तुम्ही गोठ्याच्या दारात उभे राहून म्हणालात, "वैनी, भुईकंपावर वाढलेली मानसं तुमी. जिमीन हलली तरी हलत न्हाई, आन् पान्याला भेताय व्हय?" असा राग आला मला! नव्या नवरीला कोणी असं बोलतं का? पण राग आला की माझी भीती पळते, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

पलीकडच्या काठाच्या गावी मला शाळेत नोकरी मिळाली तेव्हा सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. "आन् न्हेनार कोन?" भाकरी मोडता मोडता तुम्ही म्हणालात, "मी न्हेतो, मी आनतो." विषय संपला. पुरात पलीकडे नेणारी उताराची नाव बंद झाली की तुम्ही गुऱ्हाळातली गूळ आटवायची काहील पाण्यात ढकलायचात. त्या लोखंडी कढईत मी मुलांच्या वह्या मांडीवर घेऊन बसायची. काहिलीला ना तोंड ना शेपूट. पहिल्या दिवशी मी घाबरून एका बाजूनं हातानं पाणी मारायला लागले, तशी ती जागच्या जागी गरगरली आणि मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "वैनी, एकाच अंगानं मारलं की फिरतंय, जात न्हाई." हे वाक्य मी पुढे वर्गात कितीदा वापरलं, आणि दर वेळी माझं म्हणून.

त्या रोजच्या नेण्याआणण्यामुळे मी बाई झाले, नाहीतर चुलीपुढे राहिले असते. याबद्दल तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. दिराचे आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही. दिराला टोमणे मारायची आहे, ती मी मनापासून पाळली.

आता नावेचं. गावाची शर्यतीची नाव एक आणि आळ्या दोन. आपलं घर बरोबर मध्ये, तोंड वरच्या आळीकडे आणि परसदार खालच्या आळीकडे, म्हणून सुकाणू आपल्या घरात. उजव्या बाकावर वरची आळी बसायची, डाव्या बाकावर खालची. श्रावणात भर पाण्यात शर्यत. प्रवाहाबरोबर खाली जायचं, नदीत बांधून सोडलेल्या पिपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. पिपाला कोणत्या अंगानं वळायचं हे शर्यतवाले सांगत नाहीत. आपली नाव आजवर सुलटी वळत आलेली, पीप उजव्या हाताला ठेवून, देवाला प्रदक्षिणा घालतात तशी. एका वर्षी भूपाल अण्णांच्या डोक्यात आलं की तिथला प्रवाह बघता उलटं वळलं तर नाव लवकर फिरेल. गणू आबा म्हणाले, "पिपळ असू दे, पीर असू दे, न्हाईतर पीप असू दे, फेरी उलटी घालायची न्हाई. उलटी फेरी मयताची." वाद काठावर मिटला नाही आणि तसाच नावेत चढला.

सुलटं वळायचं तर उजव्या बाकानं वल्ही थांबवायची आणि डाव्यानं ओढायची. उलटं वळायचं तर त्याच्या उलट. पीप जवळ आलं तशी वरची आळी थांबली, कारण त्यांच्या मते ओढायचं खालच्या आळीनं. खालची आळीही थांबली, कारण त्यांच्या मते ओढायचं वरच्या आळीनं. दोन्ही बाकांवरची माणसं वल्ही वर धरून एकमेकांकडे बघत बसली, आणि नाव सरळ जाऊन पिपावर आदळली. दोन्ही काठांवरची माणसं पोट धरून हसत होती. मी पण हसले. तुम्ही मात्र सुकाणूवर पुतळ्यासारखे बसून होतात.

त्याच संध्याकाळी फाटाफूट झाली. नाव वरच्या आळीच्या ताब्यात होती, ती त्यांनी नेऊन देवळामागे पालथी घातली. वल्ही खालच्या आळीकडे होती, ती भूपाल अण्णांच्या माळ्यावर गेली. नावेखाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या आणि वल्ह्यांवर अण्णांची सून मिरच्या वाळवायला लागली. नाव असून वल्ही नाहीत, वल्ही असून नाव नाही. दरम्यान तरणी पोरं कुपवाडच्या कारखान्यात जायला लागली. आणखी थोडी वर्षं अशीच गेली असती तर वल्हं धरायला माणूसच उरला नसता.

तुम्ही रोज दिवेलागणीला घाटाच्या पायरीवर जाऊन बसायचात. एकदा मी तुम्हाला जेवायला बोलवायला आले तर तुमचा उजवा हात गुडघ्यावर नुसताच हलत होता, इकडून तिकडे, सुकाणू धरल्यासारखा. मी म्हटलं, "काय चाललंय?" तुम्ही हात लपवलात. मग म्हणालात, "वैनी, हात इसरायला लागलाय. एकडाव पान्यात नाव उतरली पायजे. मी मरायच्या आत." तुमच्या तोंडी मरणाची भाषा मी पहिल्यांदा ऐकली. जेवायला चला, एवढंच म्हणाले.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची दिवाळी. माझा धाकटा भाऊ अशोक भाऊबीजेला आला. तो कोयनेच्या वसाहतीतल्या क्लबात फिल्मा दाखवायचं मशीन चालवायचा. बोलता बोलता म्हणाला, "ताई, साहेब लोकांसाठी परदेशातल्या छोट्या फिल्मा आल्यात. सगळ्या नद्यांच्या आणि होड्यांच्या." तुम्ही पानाला चुना लावत होतात. हात थांबला. "होड्यांच्या? वल्ही मारत्यात?" दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं तुम्ही त्याच्याबरोबर कोयनेला गेलात, घाटातल्या वळणांनी पोटात ढवळतं अशी एरवी तक्रार करणारे तुम्ही. परत आलात ते गालातल्या गालात हसत. म्हणालात, "वैनी, गावाला दावायच्या. दोनी आळ्यांला."

दोन्ही आळ्या फिल्म बघायला तयार होत्या, एकत्र बसायला नव्हत्या. गणू आबा म्हणाले, "ती मानसं असतील तिथं आमी येनार न्हाई." अण्णांनी हेच जरा गोड भाषेत सांगितलं. मी म्हटलं, जाऊ दे, करा दोन दिवस दोन खेळ. तुम्ही डोकं खाजवून म्हणालात, "दोन कशाला? पडदा मधी लावू. ही अलीकडं बसतील, ती पलीकडं. तोंडं बी बगाय नगोत एकमेकांची." पडद्यासाठी दोन्ही आळ्यांकडून एकेक धोतर मागून आणलंत, म्हणजे पडदा कुणा एकाचा म्हणायला नको. ती दोन धोतरं मी शिलाई मशीनवर जोडली. मधली शिवण जरा घट्ट बसली, हे मी मान्य करते. मळ्यातल्या मोटारीची वायर ओढून घाटावर वीज आणली. फिल्मचं मशीन वरच्या आळीच्या बाजूला उभं राहिलं. घरातलं एक माणूस इकडे आणि एक तिकडे पाहिजे, म्हणून तुम्ही वरच्या आळीत बसलात आणि मला खालच्या आळीत बसवलंत.

किती माणसं आली होती! थंडी पडली होती, घोंगड्या पांघरून, लेकरं मांडीवर घेऊन. नदी शेजारून वाहत होती आणि पडद्यावरही नदी. पहिल्या फिल्ममध्ये दोन गोरे पोरगे कमरेएवढ्या रुंदीच्या होडीत बसून डोंगरातल्या फेसाळ पाण्यातून खाली निघाले. त्यांच्या वल्ह्यांना दोन्ही टोकांना पाती. "दोनतोंडी वल्हं!" म्हणून गलका झाला. माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "बाई, ह्यांच्या माघं कोन लागलंय?"

"कुणी नाही, आजी."

"मग येवढी घाई कशापायी?"

"मजा म्हणून जातात."

"मजा करायला मरायलाच जावं लागतंय व्हय? सासुरवाडीला जावं." सगळ्या बायका हसल्या. पडद्यापलीकडून तुमचं हसू ऐकू आलं, ते मी हजारात ओळखेन.

दुसऱ्या फिल्ममध्ये एक म्हातारा आणि म्हातारी एका संथ नदीतून निवांत चालली होती. काठाला लागायचं, चहा करायचा, परत निघायचं. बाई मागं बसून वल्ह्यानं होडी वळवत होती. अण्णांची सून हळूच म्हणाली, "सुकानू तिच्याच हातात हाय की गं." तिच्या माळ्यावरच्या वल्ह्यांवर मात्र मिरच्या वाळत होत्या. होडी पडद्यावरच्या शिवणीवरून गेली की मध्येच उचकी लागल्यासारखी हलायची, आणि पोरं दर वेळी ओरडायची, "बाईंची शिवन आली!"

तिसरी फिल्म शर्यतीची. सुरुवातीला इंग्रजी अक्षरं आली आणि माझ्या लक्षात आलं, अक्षरं उलटी आहेत. आरशात दिसतात तशी. इंग्रजी असंच असतं समजून बाकी कुणी काही बोललं नाही. आधीच्या दोन फिल्मांच्या वेळी मी बायकांशी बोलण्यात गुंतले होते, आता एकदम उजेड पडला. मशीन पलीकडे, आम्ही पडद्याच्या पाठीशी, म्हणजे आम्हाला सगळंच उलटं दिसतंय! उजवं ते डावं, डावं ते उजवं. आणि या फिल्ममध्ये होड्या कशाला वळसा घालणार होत्या? नदीच्या मध्ये उभ्या असलेल्या एका मोठ्या खडकाला.

मी वाकून पडद्याखालून तुमच्याकडे आले. कानाशी लागून म्हटलं, "भावजी, घोटाळा होणार. तिकडं सगळं उलटं दिसतंय." तुम्ही पडद्यावरची नजर न काढता म्हणालात, "वैनी, कोयनेच्या धरनाची दारं बंद ठिवा. आज पानी सोडू नगा." मी तशीच मुकाट्यानं पडद्याखालून परत माझ्या जागी आले. हसू मात्र येत होतं.

होडी खडकाला आली. माणसानं वल्हं पाण्यात रोवलं, अंग झोकून दिलं आणि होडी गर्रकन वळली. दोन्हीकडून एकदम आरोळी उठली.

"बगितलं का?" गणू आबा उभे राहून ओरडले. "सुलटी! खडक उजव्या अंगाला! साता समिंदरापल्याडचा मानूस सुदीक परदक्षना घालतोय!"

पडद्याच्या या बाजूनं अण्णा उठले. "आबा, डोळं हायती का गोट्या? खडक डाव्या अंगाला हुता! उलटी मारली, म्हनून तर पयला आला!"

त्या फाटाफुटीपासून हे दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. पहिला शब्द बोलले तो असा, धोतरांच्या आडून. मग सगळा गाव उठला. सुलटी, उलटी, सुलटी, उलटी. पडदा दोन्ही बाजूंनी ओढला जायला लागला. फिल्म परत लावा म्हणून सगळे अशोकवर धावले. तुम्ही मशीनपुढे उभे राहून म्हणालात, "बल्ब तापलाय. आता लागायची न्हाई." बल्ब चांगला धडधाकट होता. मग तुम्ही आवाज चढवलात. "फिल्मला काय इचारताय? म्हसोबाचा दगड पान्यात उभा हाय. सकाळच्याला दोनी अंगांनी नाव फिरवा आन् बगा कंची हलकी जाती ती."

नाव वरच्या आळीत, वल्ही खालच्या आळीत, हे सगळ्यांना एकाच वेळी आठवलं. पडद्याआडून भूपाल अण्णांचा आवाज आला, "वल्ही मी आनतो. तुमाला खोटं पाडायला आनतो." आणि गणू आबा म्हणाले, "आना. नाव तयारच हाय."

तयार कुठली! सकाळी नाव उचलली तर खालून कोंबड्या फडफडत बाहेर पडल्या. उन्हानं फळ्यांच्या फटी उघडल्या होत्या. वल्ह्यांना मिरचीचा ठसका. दोन्ही आळ्या शिंकत शिंकत नावेत बसल्या, आणि म्हसोबापर्यंत पोचायच्या आत पाणी पोटरीला लागलं. उलटी आणि सुलटी राहिली बाजूला; गणू आबा डब्यानं पाणी उपसताहेत आणि भूपाल अण्णा त्यांना दुसरा डबा देताहेत. मी काठावरून फक्त तुमच्याकडे बघत होते. तुमचा उजवा हात सुकाणूवर होता. तो काहीही विसरला नव्हता.

नाव बुडवायची नसेल तर दुरुस्त करायला हवी, आणि दुरुस्त करायची तर दोन्ही आळ्यांनी मिळून. फटी भरल्या, डांबर लावलं, नाव पाण्यात मुरवली. वाद सोडवायला म्हणून म्हसोबाला फेऱ्या सुरू झाल्या, एक सुलटी, एक उलटी, आणि प्रत्येकाला आपलीच हलकी गेली असं वाटायचं. त्यातच सराव झाला. श्रावणात आपली नाव शर्यतीला उतरली. पहिली आली नाही, दुसरीही नाही. पण पिपाला वळसा घालून सगळ्यांसकट परत आली. त्या वर्षी पाणी बघून तुम्ही सुलटी वळवलीत, पुढच्या वर्षी उलटी, आणि दोन्ही वेळा कुणी चकार शब्द काढला नाही. भांडण काठावर, पाण्यात तात्याचं, म्हणजे तुमचं, ऐकायचं, असा रिवाजच पडला. काठावर मात्र खडकाचा वाद अजून चालू आहे. लग्नात, जत्रेत, ग्रामपंचायतीत. पोरांच्या सोयरिकी जुळवतानाही, सुलट्याची का उलट्याची, असं थट्टेनं विचारतात.

आणि आपला वाद वेगळाच. दर दिवाळीला मी तुम्हाला विचारायची, "भावजी, खरं सांगा. पडदा मुद्दाम मध्ये लावलात ना?" तुम्ही म्हणायचात, "मी अडानी मानूस. पडद्याला पाठ असती ती मला काय ठावं?" मी म्हणायची, खोटं. तुम्ही म्हणायचात, चहा टाका. यंदाच्या दिवाळीतही विचारलं. यंदा तुम्ही चहा मागितला नाहीत. म्हणालात, "सांगीन कवातरी." वाटलं, पुढची दिवाळी आहेच की.

ऊस बघून आलात, हातपाय धुतलेत, भिंतीला टेकलात, आणि शेवंता चहा घेऊन येईपर्यंत गेलात. घाईच तुमची. त्या भिंतीकडे बघितलं की मला अजून राग येतो. आणि राग आला की भीती जाते, हे खरं आहे भावजी, पण दुःख जात नाही. ते तुम्ही शिकवायचं राहिलं.

रक्षाविसर्जनाला अशोक आला होता. घाटाकडे जाताना तो माझ्याबरोबर चालत होता. म्हणाला, "ताई, तात्यांनी मला शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही म्हणून. पण आता सांगतो. ते कोयनेला आले होते ना, तेव्हा क्लबात मी त्यांना फिल्मा लावून दाखवल्या. ती खडकाची बघून ते उठले आणि पडद्यामागे जाऊन उभे राहिले. म्हणाले, 'अशोका, परत लाव.' मी लावली. मागून हसायचा आवाज यायला लागला. हसता हसता ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग म्हणाले, 'ही शेवटी लावायची. आन् पडदा मधी.'"

मी रस्त्यातच थांबले. इतकी वर्षं मी तुमचं गुपित सांभाळतेय असं समजून मिरवत होते, आणि तुम्ही लबाड मलाही पडद्यामागे बसवून ठेवलंत! मला हसू फुटलं. अंत्यविधीला निघालेली बाई रस्त्यात उभी राहून हसतेय म्हणून माणसं बघायला लागली, तेव्हा रडू फुटलं. सांगीन कवातरी म्हणाला होतात, ते सांगितलंत.

घाटावर नाव तयार होती. दोन्ही बाकांवर दोन्ही आळ्या. तुमचे बंधू गाडगं घेऊन चढणार, इतक्यात गणू आबांनी हात आडवा घातला. "भूपाल, आज म्हसोबाला उलटी घ्यायची. मयताची फेरी हाय. आन् तुजं म्हननं म्या कवाच मानलं न्हाई, आज मानतो."

अण्णांनी मान हलवली. "न्हाई आबा. आज सुलटीच. तात्या सुलटा मानूस. आज तुमची खरी."

"म्हनतोय न्हवं उलटी घे म्हनून?"

"आन् मी सुलटी म्हनतोय, ऐकाय येत न्हाई व्हय?"

हेच ते भांडण, भावजी. जन्मभर आपलंच खरं म्हणणारे दोघे समोरच्याचं खरं करायला इरेला पेटले होते. आवाज चढले, आळ्या उठल्या, नाव डुलायला लागली. शेवटी गणू आबा माझ्याकडे वळले. "वैनी, तुमी शिकल्याल्या. त्या दिशी तुमी पडद्याच्या ह्या अंगाला बी आला हुता, त्या अंगाला बी हुता. आज तात्याच्या म्होरं खरं सांगा. त्या सायबाची नाव कशी फिरली?"

मी गाडग्याकडे बघितलं. दारं उघडायची वेळ आली होती, आणि मला विचारायला तुम्ही नव्हता. खोटं मला बोलता येत नाही, शाळेतली बाई मी.

"दोन्ही अंगांनी फिरली," मी म्हटलं. "मी दोन्हीकडून बघितलंय."

मग अण्णा म्हणाले, "मग तसंच करू."

पाणी उतरलेलं होतं, म्हसोबाचा दगड शेंदरासकट वर आला होता. नाव आधी सुलटी फिरली. उजवा बाक थांबला, डाव्यानं ओढलं. मग उलटी फिरली. डावा थांबला, उजव्यानं ओढलं. कुणी हुकूम दिला नाही, कुणी चुकलं नाही. दोन्ही फेऱ्या झाल्यावर तुमच्या बंधूंनी गाडगं पाण्यात सोडलं. काठावर शेवंतानं माझा हात घट्ट धरला होता. मी बघितलं तर माझा दुसरा हात हवेत हलत होता, इकडून तिकडे, नावेबरोबर.

आता हे लिहिलं म्हणजे कधीतरी गावात कुणीतरी वाचणार. पडदा, उलटी अक्षरं, न तापलेला बल्ब, सगळं बाहेर येणार. मग गणू आबा वरच्या आळीतून येतील आणि भूपाल अण्णा खालच्या आळीतून, आणि माझ्या दारात उभे राहून मला वाट्टेल ते बोलतील. बोलू देत. एकाच बाजूला उभे राहून बोलतील.